थोरल्या पातीचा युवराज

आमच्या देवासात संस्थानं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्हीकडचे राजे पवार, गाव मात्र एकच. माझ्या लहानपणी या भाऊबंदकीचे किस्से ओट्याओट्यावर रंगत. थोरल्या पातीचा युवराज सतराव्या वर्षी घर सोडून गेला, हा विषय निघाला की मात्र म्हातारी माणसं चहा मागवत.

हा युवराज म्हणजे विक्रमसिंहराव, जन्म १९१० चा. आई अक्कासाहेब या राजर्षी शाहूंच्या कन्या. नवऱ्याशी पटलं नाही. मुलगा लहान असतानाच त्या कोल्हापूरला माहेरी गेल्या, त्या पुन्हा नांदायला आल्याच नाहीत. वडील तुकोजीराव भाविक, गप्पिष्ट, मित्रांत रमणारे. १९२७ च्या अखेरीस मुलगा निघाला आणि थेट इंदुरात ब्रिटिश एजंटाकडे गेला. वडिलांपासून जिवाला धोका आहे, विष घालतील, असं त्याचं म्हणणं. खरंखोटं मी ठरवणार नाही. पण जगाला ही हकीकत माहीत झाली ती इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरच्या ‘द हिल ऑफ देवी’मुळे. फॉर्स्टर १९२१ मध्ये तुकोजीरावांचा सचिव होता. पुस्तक सुंदर आहे, पण ते बापाच्या मित्राचं आहे. विक्रमसिंहराव १९३७ मध्ये गादीवर बसले आणि १९४७ मध्ये कोल्हापूरला, म्हणजे आईच्या माहेरी, दत्तक गेले.

युवराजाला जायला एजंटाची कोठी तरी होती. मी शाळेत शिकवत असताना धारकडचा एक मुलगा मामाकडे राहून अकरावी करत होता. बाप दुसरा संसार मांडून बसलेला. मामीला त्याचं ताटसुद्धा जड. एकदा वही काढताना त्याच्या दप्तरातून प्लास्टिकची पिशवी खाली पडली. आत दहावीची गुणपत्रिका, आधारची झेरॉक्स, टॉवेल. पोरं रागाच्या भरात पळतात म्हणतात. याची तयारी कितीतरी दिवसांची होती.

अशा मुलासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. वय अठराच्या आत हवं. मारहाणच व्हायला हवी असं नाही, आबाळही पुरते. सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. समितीनं त्याचं ऐकायचं, घरची चौकशी करायची. घरी धाडणं त्याच्या हिताचं नसेल तर योग्य नातेवाईक किंवा बालगृह बघायचं. आपल्याकडे मात्र ‘आईबापाची माफी माग’ म्हणून पोराला परत दारात सोडण्याची घाई फार.

घर सोडून निघालेली धारची मुलं बसनं इंदूरच्या गंगवाल स्टँडवर उतरतात, देवासची मुलं रेल्वे पकडतात. स्टँडवर, स्टेशनवर एखादं एकटं पोर दिसलं तर आधी खायला द्या. मग मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ फिरवा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो. मूल स्वतःही तो करू शकतं, हे आपापल्या वर्गात, गल्लीत एकदा सांगून ठेवा.