जिवाणूची निरगाठ

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांना लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. कुणीतरी त्यांना मॅनोज नावाच्या साखरेची पूड घ्यायला सांगितली. “साखरेनं जिवाणू कसे जातील?” असा त्यांचा प्रश्न आहे.

साधी उन्हाळी लागली तर धने-जिऱ्याच्या पाण्यानं बरं वाटतं. पण असा उलटून येणारा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलायचा असतो. मूत्राशय दिवसातून सहा-सात वेळा धुऊन निघतं, आणि जेमतेम दोन मायक्रॉन लांबीचा हा जीव तरीही तिथे तग धरतो. कशाच्या जोरावर?

त्याच्या अंगावर शेकडो तंतू असतात. एकेका तंतूची जाडी ७ नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा. एकाच प्रथिनाचे हजारभर मणी वेटोळ्यात रचून हा तंतू बनतो आणि त्याच्या टोकाला फिम-एच नावाचं एक वेगळं प्रथिन असतं. मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशींवर मॅनोज असलेल्या साखरेच्या साखळ्या असतात. फिम-एच नेमकं त्या मॅनोजला धरतं. जुन्या फोनची पिळाची वायर आठवते? लघवीची धार आली की तंतूची वेटोळी तशीच उलगडतात, हिसका तंतूतच जिरतो आणि टोकाची पकड सुटत नाही.

हे तंतू १९५५ साली नीट ओळखले ते एडिंबरामधल्या जेम्स ड्यूगिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ई. कोलाय रक्तात मिसळले की तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात, हे आधीपासून माहीत होतं. ड्यूगिड यांनी त्या गुठळ्यांचा संबंध इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या तंतूंशी जोडला. त्यांनी तंतूंना नाव दिलं फिंब्रिए. या लॅटिन शब्दाला मराठीत चपखल जोड आहे: कापडाच्या काठाला सुटणाऱ्या दशा! चार वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स ब्रिंटन यांनी ‘पिली’, म्हणजे केस, हे नाव सुचवलं आणि आज तेच जास्त कानावर पडतं. ड्यूगिड यांचं नाव मात्र विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितलं जातं, याची मला खरंच खंत वाटते. रोग होण्यासाठी जिवाणूला आधी चिकटावं लागतं, या विचाराची वाट त्यांच्या कामातून निघाली. मग १९७७मध्ये ओफेक, मिरेलमन आणि शेरॉन यांनी दाखवलं, की ई. कोलाय माणसाच्या पेशींनाही मॅनोजच्या आधारानंच चिकटतात.

मला सगळ्यात जास्त भावलेला शोध मात्र २००२चा, सिएटलमधला. वेंडी थॉमस, एव्हगेनी सोकुरेंको आणि व्हायोला फोगेल यांना असं दिसलं, की जिवाणू आणि तांबड्या पेशींचं मिश्रण हलवत ठेवलं तर पेशी घट्ट चिकटून राहतात, आणि हलवणं थांबवलं की सुटू लागतात. आपला अनुभव नेमका उलटा, ओढलं की वस्तू सुटते. पण परकराच्या नाडीची ज्यांनी कधी चुकीची गाठ मारली आहे त्यांना हे लगेच उमगेल. टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ आणि ओढावं तशी आवळत जाते ती निरगाठ. फिम-एचची गाठ निरगाठ आहे! ते दोन भागांचं असतं. ताण नसताना हे भाग एकमेकांना टेकलेले असतात आणि मॅनोजची खोबण सैल असते. ताण आला की ते दूर होतात आणि खोबण मॅनोजवर मिटते. म्हणून धार शांत असते तेव्हा जिवाणू सैल राहून पुढे सरकू शकतो, आणि धार जोरात आली की आहे तिथेच गच्च धरून बसतो.

आता ताईंची पूड. मोकळं मॅनोज खोबणीत जाऊन बसलं तर जिवाणूला पेशी धरता येणार नाही, असा त्यामागचा हिशेब. काचेच्या नळीत तो जमतोही. पण आधीच चिकटलेल्या जिवाणूंना वाहत्या प्रवाहात मोकळं मॅनोज सहज सोडवू शकत नाही, हेही प्रयोगांत दिसलं आहे. ब्रिटनमध्ये संसर्ग वारंवार होणाऱ्या ५९८ स्त्रियांना सहा महिने रोज मॅनोज किंवा तशीच दिसणारी दुसरी साखर दिली गेली. निकाल २०२४मध्ये आला: मॅनोजच्या गटातल्या ५१ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या ५५.७ टक्के स्त्रियांना पुन्हा संसर्गाच्या तक्रारीसाठी दवाखाना गाठावा लागला. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. तेव्हा ताई, या पुडीवर पैसे घालू नका. पुन्हा त्रास झाला तर लघवीचं कल्चर करून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

गंमत म्हणजे हीच युक्ती आपलं शरीर कधीपासून वापरतं आहे. मूत्रपिंडं लघवीत युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन सोडतात. त्याचे लांबलचक धागे होतात आणि धाग्यांवर मॅनोजच्या साखळ्या असतात. झुरिकच्या शास्त्रज्ञांनी २०२०मध्ये त्यांची चित्रं टिपली. त्यांत जिवाणूंच्या दशा पेशीऐवजी या धाग्यांनाच धरून बसलेल्या दिसतात. अशा धाग्यांत गुरफटलेले जिवाणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि पुढच्या लघवीबरोबर वाहून जातात.