पेशींना धरणारा आणि सोडणारा पृष्ठभाग

पेशी प्लॅस्टिकला थेट चिकटत नाहीत. पेशी वाढवण्याच्या बशीत पोषक द्रव ओतला की त्यातली फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन यांसारखी प्रथिने आधी तळावर बसतात. मग पेशी आपल्या आवरणातल्या इंटेग्रिन रेणूंनी या प्रथिनांना पकडतात. प्रथिने बसली नाहीत, तर पेशीलाही पाय रोवता येत नाही.

पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलअमाइड या पॉलिमरमुळे ही पकड तापमानाच्या ताब्यात देता येते. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या खाली त्याच्या साखळ्या पाणी धरून फुगतात, वर गेल्यावर पाणी सोडून आकसतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर, मनोहर बडिगेर, आशिष लेले यांनी १९९०च्या दशकात अशा जेलच्या आकसण्याचा हायड्रोजन बंधांच्या आधारे अभ्यास केला. बशीच्या तळाला या पॉलिमरचा थर दिला, तर आकसलेल्या, पाणी टाळणाऱ्या थरावर प्रथिने बसतात. पाण्याने भरलेला थर त्यांना दूर ठेवतो.

टोकियोच्या महिला वैद्यकीय विद्यापीठातील तेरुओ ओकानो यांच्या गटाने १९९०मध्ये या थरावर पेशी वाढवून सोडवून दाखवल्या. ३७ अंशांवर पेशी वाढतात, बशी २० अंशांपर्यंत गार केली की सुटतात. एरवी त्या सोडवायला ट्रिप्सिन हे विकर वापरतात. ते पेशींमधले दुवेही तोडते. येथे मात्र पेशींचा सलग पापुद्रा, खालच्या प्रथिनांसकट, अखंड निघतो. बशीच्या पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकवरचा पॉलिमरचा थर १५ ते २० नॅनोमीटर जाड हवा. ३० नॅनोमीटरच्या पुढे गेला तर ३७ अंशांवरही पेशी चिकटत नाहीत.

सर्वांत विलक्षण बाब म्हणजे पेशी नुसती सुटून पडत नाही, ती स्वतः अंग आक्रसून सुटते आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करते. म्हणूनच फार गार केल्यास सुटणे उलट मंदावते. पण पुरेसे गार करावेच लागते. उन्हाळ्यात मराठवाड्यातील अंबडसारख्या ठिकाणी पारा चाळिशी ओलांडतो; तेथे बशी नुसती उबवणीपेटीबाहेर ठेवून भागणार नाही, शीतयंत्र लागेल.

ओसाका विद्यापीठातील कोजी निशिदा व सहकाऱ्यांनी २००४मध्ये चार रुग्णांच्या स्वतःच्या तोंडातील अस्तराच्या पेशी अशा थरावर वाढवल्या आणि ते पापुद्रे टाके न घालता त्यांच्या डोळ्यांवर बसवले. चौघांचीही दृष्टी सुधारली.