सर्दी तीच, त्रास वेगळा का?
गोवंडीत एकाच खोलीतल्या दोन मुलांना सर्दी होते. एक चार दिवसांत खेळू लागते, दुसरे तापाने फणफणते. विषाणू तोच, पण त्रास किती होणार हे वय, पोषण, लस आणि घरातली हवा यांवरही ठरते.

जानेवारी २०१६ मध्ये देवनार कचराभूमीला आग लागली, तेव्हा धूर वस्त्यांत शिरला. धुराने नाक-घसा सुजतो. पाड्यावर चुलीचा धूर तेच करतो. २०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरला. तोही सर्दी-खोकल्यासारखा सुरू होतो, पण लस न घेतलेल्या, कुपोषित मुलांना फार जड जातो.

भेटीला जाल तेव्हा एवढे सांगा: लसी पूर्ण करा, आजारपणातही दूध-जेवण थांबवू नका. एक ते पाच वर्षांचे मूल शांत असतानाही मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास घेत असेल, तर लगेच दवाखान्यात न्या.