माती आणि गादी

यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या कापसाच्या जमिनीचा आहे. या जमिनीतील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात आणि पाणी गेले की आकसतात. म्हणून ती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कपाशीला ही जमीन मानवते. पण तिच्या वाळलेल्या ढेकळांवर कुस्ती खेळता येणार नाही. आखाड्याला चाळलेली, भुसभुशीत माती लागते. तालमीत ती रोज खणून मोकळी करतात. तेल, ताक, हळद घालून मऊ राखतात.

एवढा खटाटोप कशासाठी? समजा, एक पहिलवान १ मीटर उंचीवरून पाठीवर पडला. कठीण जमिनीवर त्याचे शरीर १ सेंटिमीटर अंतरात थांबले, तर त्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या सुमारे १०० पट बल पडते. माती ५ सेंटिमीटर दबली, तर ते सुमारे २० पटच होते. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा, म्हणजे हे उत्तर मिळेल. आजच्या स्पर्धांतील गादीही हेच काम करते.

मग फरक कोठे आहे? मातीत अनवाणी पाय रुततो, हालचाल मंदावते. गादीवर बूट घातलेला पाय घट्ट पकड घेतो, म्हणून झेप घेऊन पट काढणे सोपे जाते. नियमही वेगळे. जुन्या निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करेपर्यंत झुंज चाले. गादीवर ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती आणि प्रत्येक डावाला गुण! माती दम आणि धीर मागते, तर गादी वेग मागते. दोन्हींसाठी शरीराला वेगळे वळण लावावे लागते.

साताऱ्याकडील गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतच तयार झाले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये अनोळखी गादीवर त्यांचा सहावा क्रमांक आला. पुढे कसून सराव करून त्यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

दोन्ही पद्धतींमागचे विचारही निराळे आहेत. तालमीत उतरताना पहिलवान माती कपाळाला लावतो. ती माती सर्वांनी मिळून खणलेली असते. वस्ताद आणि थोरले गडी धाकट्यांना घडवतात. पण ही दारे मुलींना बहुधा बंदच होती. आधुनिक खेळ वजनगट पाडतो, नियम लिहून ठेवतो आणि संधीची समानता मानतो. २००४ पासून ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्तीही आहे.

शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ जगाला दाखवले. परंपरा जपणे म्हणजे तिला कोंडून ठेवणे नव्हे, हे यावरून दिसते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेतही आता माती आणि गादी असे दोन विभाग असतात.

शालेय स्पर्धांत वरच्या पातळीवर कुस्ती गादीवरच होते. केवळ मातीत तयार झालेला खेड्यातील मुलगा तेथे ताकद असूनही मागे पडतो. त्याला गादी मिळायला हवी. आणि गादीवर खेळणाऱ्या मुलामुलींना तालमीतील ती सामुदायिक शिस्त! तुमच्या गावात यांपैकी काय आहे आणि काय नाही, याची नोंद करून पाहा.