ग्रामसभेचे व्यापारी पत्र : मांडणी व मजकूर

धानाची मळणी आटोपली की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांच्या हाती पैसा येतो तो जंगलातून. मोहफुले, डिंक, बांबू आणि उन्हाळ्यात तेंदूपाने. पूर्वी तेंदू व बांबूचा व्यवहार वनखाते व ठेकेदार यांच्यात होत असे आणि गावाचा संबंध फक्त मजुरीपुरता येत असे. वनहक्क कायदा, २००६ ने ही स्थिती बदलली. या कायद्यात बांबू व तेंदूपाने ही दोन्ही गौण वनोपज मानली असून तिची मालकी हक्कधारकांकडे दिली आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्यानंतर अनेक ग्रामसभा स्वतः माल विकू लागल्या.

विक्रेता झाले म्हणजे पत्रव्यवहार आलाच. आपल्याकडे सौदा तोंडी ठरतो, फार तर फोनवर. मालाची गाडी गेल्यावर रक्कम अडकली तर गावाजवळ दाखविण्यासारखा एकही कागद नसतो. व्यापाऱ्याकडे मात्र मुनीम असतो, वही असते. म्हणून पत्र कसे लिहावे हे ग्रामसभेच्या सचिवाने व वनहक्क समितीच्या सदस्यांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

पत्र पूर्ण आकाराच्या कोऱ्या कागदावर, एकाच बाजूस लिहावे. डावीकडे दोन बोटे समास सोडावा, कारण पत्र फाईलला लावताना तेथेच छिद्रे पडतात आणि समास नसेल तर अक्षरे जातात. अगदी वर ग्रामसभेचे नाव व पूर्ण पत्ता येतो. नवेगाव, सावरगाव अशा नावांची गावे दोन्ही जिल्ह्यांत एकाहून अधिक आहेत. त्यामुळे पोस्ट, तालुका, जिल्हा व सहा अंकी पिन कोड लिहिल्याशिवाय पत्ता पूर्ण होत नाही. त्याखाली डावीकडे जावक क्रमांक व उजवीकडे दिनांक लिहावा. जावक क्रमांक म्हणजे आपल्या नोंदवहीत त्या पत्राची नोंद ज्या क्रमांकाने केली तो. पन्नास रुपयांची एक जाड वही घेऊन अर्धी आवक व अर्धी जावक अशी ठेवली तरी काम भागते. दिनांकात वर्ष चारही अंकांत लिहावे.

त्यानंतर 'प्रति' लिहून ज्यास पत्र पाठवायचे त्याचे नाव व पत्ता, मग विषय आणि संदर्भ. विषय एका ओळीत संपावा. संदर्भात ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक व दिनांक द्यावा, म्हणजे पत्र एकट्या सचिवाचे नसून गावाचे आहे हे वाचणाऱ्यास कळते. मायना साधा असावा. व्यापाऱ्यास 'महोदय' व पुढे 'सप्रेम नमस्कार' पुरे. 'कृपावंत व्हावे', 'आम्ही गरीब आदिवासी बांधव' अशी वाक्ये विक्रीच्या पत्रात घालू नयेत. ग्रामसभा येथे अर्जदार नसून मालाची धनी आहे.

आता मजकुराकडे वळू, कारण खरी गफलत येथेच होते. तेंदूपानांचेच उदाहरण घ्या. आपल्या राज्यात पुडा ७० पानांचा असतो आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात, म्हणजे ७०,००० पाने. शेजारच्या छत्तीसगडमध्ये गड्डी ५० पानांची असते, त्यामुळे तेथील गोणी ५०,००० पानांची होते. तिकडच्या व्यापाऱ्यास आपण नुसते 'गोणीचा दर कळवा' असे लिहिले तर तो कोणत्या गोणीचा दर कळवील? एका गोणीमागे २०,००० पानांचा फरक आहे. पत्रात मोजमाप स्पष्ट लिहिले की हा वाद उद्भवतच नाही.

दुसरी गोष्ट दराची. या धंद्यात पाने तोडणाऱ्याची मजुरी आणि ग्रामसभेला मिळणारी रॉयल्टी असे दोन हिस्से असतात. कळविलेल्या दरात मजुरी धरली आहे की ती वेगळी, हे पत्रात विचारून घ्यावे. फळीवर पाने वाळत असताना अवकाळी पाऊस झाला तर नुकसान कोणाचे, बोद भरण्याचा खर्च कोणाचा, जीएसटी कोणी भरायचा, हेही त्याच पत्रात यावे. रकमा अंकी व अक्षरी, दोन्ही रीतींनी लिहाव्यात. पुढे दिलेला नमुना आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावा.

ग्रामसभा ..........
मु. .........., पो. .........., ता. .........., जि. गडचिरोली, पिन ..........
जावक क्र. ..........    दिनांक ..........

प्रति,
मेसर्स ..........
(पूर्ण पत्ता)

विषय : तेंदूपाने हंगाम (वर्ष) करिता दर कळविण्याबाबत.
संदर्भ : ग्रामसभा ठराव क्र. .......... दिनांक ..........

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्क क्षेत्रातून येत्या हंगामात अंदाजे .......... प्रमाण गोणी तेंदूपाने गोळा होतील. एक प्रमाण गोणी म्हणजे ७० पानांचे १,००० पुडे.

कृपया मजुरी व रॉयल्टीचा दर प्रति प्रमाण गोणी वेगवेगळा, अंकी व अक्षरी कळवावा. पुडे फळीवर मोजून घेतल्यानंतर मालाची जबाबदारी खरेदीदाराची राहील. मजुरीची रक्कम दर आठवड्यास व रॉयल्टी माल उचलण्यापूर्वी ग्रामसभेच्या बँक खात्यात जमा करावी.

आपले दर दिनांक .......... पर्यंत बंद पाकिटात पोहोचावेत. पाकिटे दिनांक .......... रोजी ग्रामसभेत सर्वांसमोर उघडली जातील.

आपले विश्वासू,
(सही)            (सही)
अध्यक्ष          सचिव
ग्रामसभेचा शिक्का

सोबत : ठरावाची प्रत.

सही करण्यापूर्वी पत्र ग्रामसभेत मोठ्याने वाचावे आणि जेथे गोंडी किंवा माडिया बोलली जाते तेथे त्या बोलीत समजावून सांगावे. तेलंगण व छत्तीसगडमधील व्यापाऱ्यास मराठी पत्रासोबत हिंदी प्रत जोडणे सोयीचे पडते. सर्वच ग्रामसभा तेंदू विकतात असे नाही. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने फांद्या छाटणे व जंगलास आगी लावणे टाळण्यासाठी तेंदूसंकलन बंद केले आणि बांबूवर भर दिला. बांबूच्या पत्रात पानांच्या हिशेबाऐवजी लांब बांबू किती नग व बंडल किती, आणि एका बंडलात किती नग व किती लांबीचे, असे लिहावे.

पत्र कसे पाठवावे? पूर्वी अशी पत्रे रजिस्टर पोस्टाने जात. टपाल खात्याने २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली, तेव्हा आता स्पीड पोस्ट करून पावती फाईलला लावावी. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठविण्यास हरकत नाही, पण तो मूळ पत्राखेरीज. व्यापारी स्वतः गावात आला तर दुसऱ्या प्रतीवर 'मूळ प्रत मिळाली' असे लिहून त्याची सही व तारीख घ्यावी.

रक्कम थकल्यास याच रीतीने मागणीपत्र लिहावे. विषयात थकबाकीचा उल्लेख करावा. संदर्भात कराराची तारीख व आपल्या आधीच्या पत्रांचे जावक क्रमांक द्यावेत. मजकुरात किती माल कोणत्या तारखेस उचलला, किती रक्कम मिळाली, किती बाकी आहे आणि ती कोणत्या तारखेपर्यंत भरावी एवढेच लिहावे. शिवीगाळ किंवा धमकी नको. ते पत्र उद्या न्यायालयात वाचले जाऊ शकते.

येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. आपण कितीही स्मरणपत्रे पाठविली तरी तेवढ्याने ही मुदत वाढत नाही. परंतु मुदत संपण्यापूर्वी व्यापाऱ्याने स्वतःच्या सहीने बाकी कबूल केली, तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. म्हणून मागणीपत्राच्या शेवटी 'वरील बाकी मान्य असल्यास सोबतच्या प्रतीवर सही करून परत पाठवावी' हे वाक्य जरूर घालावे. व्यापारी मुदत मागण्यासाठी गावात आला तर तोंडी होकार देऊ नये. त्याच्याकडून बाकीची रक्कम व तारीख लिहून सही घ्यावी आणि तो कागद त्याच दिवशी आवक नोंदवहीत चढवावा.