चिपाडं खातील आवाज!

एकांकिकेच्या तालमीला मिळालेली खोली इतकी घुमते, की आपलाच संवाद आपल्या अंगावर येतो. मग ग्रुपमधलं कुणीतरी अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायची आयडिया काढतं. थांबा! ते ट्रे म्हणजे कागदाच्या लगद्याचा पातळ पापुद्रा. त्यानं घुमणं फारसं कमी होत नाही आणि शेजाऱ्यांची तक्रार तर मुळीच थांबत नाही. त्यापेक्षा रसवंतीबाहेरचा चिपाडांचा ढीग बघा.

१९२०च्या दशकात अमेरिकेतल्या लुईझियानात सेलोटेक्स कंपनीनं साखर कारखान्यांतल्या चिपाडांपासून, म्हणजे बगॅसपासून बोर्ड बनवले. त्यांच्याच भोकं पाडलेल्या टाइल्स सभागृहांच्या आणि ऑफिसांच्या छताला लागल्या. भोकं कशाला? वरून रंग दिला तरी आवाजाला आत शिरायची वाट उरावी म्हणून!

आवाज म्हणजे हवेची थरथर. तंतूंमधल्या बारीक फटींतून जाताना हवा घासली जाते आणि आवाजाची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. नारळाच्या काथ्याचं पॅनलही असंच काम करतं. शिट्टीचा चिरका आवाज पातळ थरही बऱ्यापैकी खातो. ढोलाच्या खर्जाला मात्र जाड थर लागतो किंवा पॅनलमागे मोकळी जागा सोडावी लागते.

पण आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. बाहेरचा डीजे बाहेरच ठेवायचा, तर जड भिंत आणि फटी नसलेली दारं-खिडक्याच हव्यात. पॅनल फक्त खोलीतलं घुमणं कमी करतं.

मग आपल्याकडे हे का नको? एक टन ऊस गाळला, की साधारण २५० ते ३०० किलो ओला बगॅस निघतो. पण तो फुकट पडून नसतो. कारखान्याचा बॉयलर त्यावरच चालतो, वीजही तयार होते. म्हणजे पॅनलला जळणापेक्षा जास्त भाव मिळायला हवा. शिवाय बगॅस चटकन पेट घेतो, ओल राहिली तर बुरशी धरतो. त्यामुळे नुसती चिपाडं होस्टेलच्या भिंतीला चिकटवू नका!

फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधताय? घ्या हाच. आवाज, आग आणि ओल या तिन्ही परीक्षांत पास होईल आणि खिशालाही परवडेल, असं पॅनल बनवून दाखवा. कच्चा माल तुमच्या गावच्या कारखान्यातच आहे.