कुंपणावरचे झुडूप आणि अडकलेली घंटा

उरण तालुक्यातील जासई गाव आज नवी मुंबईच्या प्रकल्पक्षेत्रात येते. तरीही जासईच्या बाजूला किंवा कोकणातल्या कोणत्याही गावी गेलात, की बांधावर एक झुडूप हमखास भेटते. ते म्हणजे मोगली एरंड. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून त्याचे कुंपण करतात. पान खुडले की देठातून चीक येतो. गवताच्या काडीचा फास त्यात बुडवून तुम्ही फुगेही उडवले असतील! त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. त्या खाऊन मुले उलट्या-जुलाबांनी बेजार होतात आणि त्यांना दवाखान्यात न्यावे लागते.

या बियांत असते तरी काय? त्यांत ‘फॉर्बोल एस्टर’ नावाची द्रव्ये असतात. म्हणूनच तेल काढल्यावर उरलेली पेंड गुरांना घालता येत नाही. याच एरंडकुळातले आणखी दोन सभासद पाहा. खाडीकाठचा गेवा हा पहिला. त्याचा चीक अंगावर पडला तर फोड येतात आणि डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासे होते. दुसरा जमालगोटा. त्याच्या बियांचे तेल कातडीला लावले की ती लाल होऊन सुजते.

या जमालगोट्याच्या तेलानेच कर्करोगाचे एक कोडे उलगडण्यास मदत केली. १९४१ मध्ये इंग्लंडमधील संशोधक आयझॅक बेरेनब्लम यांनी उंदरांच्या कातडीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे १९४७ मध्ये त्यांनी आणि फिलिप शुबिक यांनी ते अधिक नेमके केले. डांबराच्या जातीचे एक रसायन त्यांनी कातडीला अगदी थोडे, फक्त एकदा लावले. तेवढ्याने गाठी जवळजवळ आल्याच नाहीत. पण त्यानंतर तेथे जमालगोट्याचे तेल पुन्हापुन्हा लावताच गाठी उठल्या. मध्ये कित्येक आठवडे जाऊ दिले, तरी तसेच घडले. क्रम उलटा केला, म्हणजे आधी तेल आणि मग रसायन, तर मात्र गाठी येईनात!

याचा अर्थ असा की, पहिले रसायन पेशीच्या जनुकात कायमची खूण करते. ते ‘आरंभक’ होय. तेल जनुकाला हात लावत नाही, पण खूण झालेल्या पेशीला वाढीस लावते. ते ‘प्रवर्तक’ होय. १९६० नंतरच्या दशकात जर्मनीत हायडेलबर्ग येथे एरिख हेकर यांनी तेलातील हे प्रभावी द्रव्य वेगळे केले. तेही फॉर्बोल एस्टरच निघाले.

ते वाढीस कसे लावते, याचे उत्तर १९८२ मध्ये जपानमधील यासुतोमी निशिझुका यांच्या प्रयोगशाळेत मिळाले. शाळेच्या घंटेचे बटण दाबून शिपाई बोट काढून घेतो, तसाच पेशीतला एक निरोप्या ‘प्रोटीन कायनेज सी’ या प्रथिनाला क्षणभर जागवतो आणि लगेच नाहीसा होतो. फॉर्बोल एस्टर त्या निरोप्याचे सोंग घेते, पण लवकर नाहीसे होत नाही. घंटा वाजतच राहते! मग सूज येते, पेशी विभागू लागतात.

म्हणून झुडपाला घाबरून पळायचे का? मुळीच नाही. एकदा चीक लागला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. उंदरांवरच्या प्रयोगांत तेल लवकर थांबवले, की गाठीही आल्या नाहीत. कर्करोग हा अनेक पायऱ्यांचा प्रवास आहे आणि काही पायऱ्यांवर तो अडवता येतो, हा या प्रयोगांचा मोठा धडा आहे.

तुम्ही एवढे मात्र करा. अनोळखी बी तोंडात घालू नका. चीक लागला तर साबण-पाण्याने धुवा आणि तो हात डोळ्यांना लावू नका. डोळ्यांत गेलाच, तर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. आणि धाकट्या भावंडांना कुंपणावरचे हे झुडूप आजच दाखवून ठेवा!